इंजेक्शनांनंतर

मुलुंड, ३ फेब्रुवारी ८३

डॉक्टर म्हणाले, फोटो स्वच्छ आहे. क्षय गेला. म्हटलं, पण चालताना जमीन हलते. दुकानांच्या पाट्या थांबल्याशिवाय वाचता येत नाहीत.

"स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शनांनी होतं असं. कानातल्या तोलावर जातं."

परत येईल?

"सवय होईल."

पुढच्या पेशंटला हाक.

५ फेब्रु.

तोंडाला साबण लावून डोळे मिटले की पडतो. बेसिन धरलं म्हणून वाचलो.

९ फेब्रु.

जिन्यात दिवा नव्हता. भिंत धरत उतरत होतो. तळमजल्यावरचे सावंत दारात. "काय मास्तर, आज लवकर सुरू?"

मागून नलू. हसली चक्क. "सांगून ऐकतात का, भावजी!"

घरात आल्यावर विचारलं, हे काय?

"मग काय क्षय म्हणून सांगू? सुमाचं ठरायचंय."

शाळेत रजेच्या अर्जावर कावीळ. इमारतीत दारू. आयुष्यात थेंब घेतलेला नाही.

२० फेब्रु., रविवार

सुमाला बघायला आले. नलूने मला आधीच खुर्चीत बसवून ठेवलं होतं. उठू नका म्हणाली. पण मुलाची आजी आली, ऐंशीच्या पुढची. तिला बसल्या जागेवरून नमस्कार कसा करणार? वाकलो. जमीन वर आली. पोह्यांच्या बशीसकट म्हातारीच्या पायांशी.

नलू म्हणाली, "थोडी घेतात हो हे. रविवार ना."

मुलाचे वडील कणकवलीचे. मला हाताला धरून उठवलं, मोठ्याने हसले. "आमच्यात कोण नाय घेत? मास्तरांनू, एकदा बसाक व्हया!"

संध्याकाळीच शेजारच्या फोनवर पसंती.

२१ फेब्रु.

नलूने पेढे वाटले. सावंत म्हणाले, "आता तरी सोडा, मास्तर. सासरे होणार." बघू म्हटलं. सुमा तिथेच होती. ऐकलं तिने.

२४ फेब्रु.

सुमाला सगळं माहीत. माझं थुंकीचं भांडं तीच धुवायची.

आज आईला म्हणाली, "उद्या तिथे कोणी म्हणालं, बाप बेवडा तुझा. गप्प बसू?"

"बस. बेवड्याच्या पोरीला करून घेतात. क्षयाच्या नाही."

नलूचं खरं आहे. तेच असह्य.

२६ फेब्रु.

सुमा मुलाला भेटायला निघाली. नलू देवळात गेलेली. चपला घालून सुमा दारातच थांबली.

"बाबा, मी त्याला खरं सांगते. तुम्ही नको म्हणालात तर नाही सांगणार."

टेबल धरून उभा राहिलो. नको म्हटलं नाही. सांग, असंही नाही. तिने जरा वाट पाहिली, मग उतरली.

साडेसात. नलू दोनदा गॅलरीत जाऊन आली. "एवढा वेळ काय बोलत असतील हो?"

म्हटलं, येईल.