शेवंतीचा राहिलेला टाका

मखमलाबाद, नाशिक
मार्गशीर्ष, १९९८

आदरणीय डॉक्टरसाहेब देवरे यांस,

मखमलाबादहून सावळीराम काकड याचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

(वर नुसते 'डॉक्टरसाहेब' लिहिले आहे त्याचा राग नसावा. पत्राला बसल्यापासून आमच्याकडे मायन्यावरच वाद चालला आहे. छायाच्या आईचे म्हणणे, 'व्याहीबुवा' लिहा. मी म्हटले, अगं, त्यांच्याकडून अजून हूं नाही की चूं नाही, आपणच कसे चिकटायचे? आमच्या आईचे म्हणणे, मग 'पाव्हणे' लिही. पण पाव्हणे म्हटले की निदान पोहे तरी त्यांच्या पोटात गेलेले असायला हवेत, आणि आपल्याला तर आम्ही भरल्या बशीवरून उठवले. शेवटी छाया म्हणाली, डॉक्टर आहेत तर डॉक्टर लिहा ना. ते सगळ्यांना पटले.)

आपली, वहिनीसाहेबांची आणि चि. ललितरावांची प्रकृती उत्तम असेल. नामपूरकडे थंडी जास्त, तेव्हा वहिनींनी गुडघ्याला जपावे. आमच्या ओट्याच्या पायऱ्या उंच आहेत, त्या चढताना त्यांना झालेला त्रास माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. इकडे सर्व ठीक. आईचा खोकला नेहमीचा, मळ्यातला झेंडू बरा आहे, आणि शेवंती आता अगदी ठणठणीत आहे. शेवंती म्हणजे कोण ते आपल्याला सांगायला नको, आमच्या मांजराला आपण आतून-बाहेरून पाहिले आहे. पण ती सुई तिच्या पोटात गेली कशी, हे त्या दिवशी गडबडीत सांगायचे राहिले. ते सांगतो, म्हणजे आपले आमच्यावर केवढे उपकार आहेत ते माझे मलाही नीट मांडता येईल.

त्याचे असे झाले. श्रावणात छायाला एक स्थळ आले होते (गाव सांगत नाही, ती मंडळीही देवाची लेकरे). त्यांच्यातल्या एका मावशींनी बसल्या जागी छायाच्या हातात सुई-दोरा दिला. मुलीची नजर कशी आहे ते बघायचे म्हणे. आता छायाला लहानपणापासून चष्मा, आणि तो तिच्या आईने आदल्या दिवशीच कपाटात कुलूपबंद केलेला. पोरीला सुईचे नाक सोडा, मावशींचे नाकसुद्धा धड दिसत नव्हते. बोट टोचून घेतले, रक्त आले, आणि आठवड्याने नकार आला. दुसऱ्या दिवशी मळ्यात फुले खुडताना ती मला म्हणाली, अण्णा, आता आणखी एकदाच, त्यानंतर मी कोणापुढे ट्रे घेऊन येणार नाही. रडून म्हणाली असती तर मी समजूत घातली असती. ती अगदी शांतपणे म्हणाली आणि पुन्हा फुले खुडू लागली. मला त्या दिवशी जेवण गेले नाही, डॉक्टरसाहेब. ते 'आणखी एकदा' म्हणजे आपण.

आपण येणार असे किशोरने (म्हणजे आपला-आमचा मध्यस्थ, माझा मावसभाऊ) कळवले, आणि छायाच्या आईने घरात सुईची शाळाच काढली. चष्म्याशिवाय सुई ओवायची, उठता बसता ओवायची. घरभर ओवलेल्या सुया. कॅलेंडरला सुया, उशीला सुया, खिडकीच्या पडद्याला सुया. एकदा तर मी फुले घेऊन मार्केटात गेलो आणि अडत्या माझ्या टोपीकडे बघतच राहिला, कारण तिला दोन सुया दोऱ्यासकट टोचलेल्या होत्या. मी त्याला सांगितले, नजर लागू नये म्हणून आहेत. त्यातलीच एक सुई लांब दोऱ्यासकट शेवंतीने खेळता खेळता गिळली, आणि कोणाला पत्ताही नाही.

मग तो दिवस उजाडला. आपण मंडळी स्थानापन्न झालात. छाया आईची येवल्याची पैठणी नेसून ट्रे घेऊन बाहेर आली, अर्थात चष्म्याशिवाय. तिने ललितरावांपुढे बशी धरली ती त्यांच्या खांद्याच्या पलीकडे, आणि ललितरावांनी हात पुढे केला तो बशीच्या अलीकडे. मला वाटले, दोघेही लाजतायत. बरे वाटले. (त्याचा उलगडा पुढे होईल.) आपण तोवर 'पाणी गोड आहे' एवढे एकच वाक्य बोलला होतात, त्यामुळे आम्ही आधीच धास्तावलेलो. तेवढ्यात शेवंती उमासे देत मधोमध आली. तोंडातून लाल दोरा लोंबतोय. छायाच्या आईला वाटले पाहुण्यांसमोर हे काय ध्यान, आणि ती दोरा ओढायला वाकली. तेव्हा आपण आपल्या बोलीत जे ओरडलात! 'वढू नका! आतडं कापाई जाई!' साताऱ्या-पुण्याकडचे कोणी असते तर त्यांना अर्थ लागला नसता, पण आम्हांला लागला, आणि छायाच्या आईचा हात जागीच थिजला. आमची आई तर घाबरून देवाला दिवा लावायला गेली. तो ओरडा झाला नसता तर शेवंती आज नसती, हे मला नंतर कळले.

पुढचे आपल्या समोरच घडले, तरी मला ते पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटते. शेवंतीने भीतीने छायाच्या पदरात नख्या रुतवल्या, आणि आपण म्हणालात मांजर हलवायचे नाही. म्हणजे छायाला पैठणीसकट रिक्षात बसवणे आले. मागे आपण, छाया आणि ललितराव, पुढे ड्रायव्हरशेजारी मी, अर्धा आत, अर्धा रस्त्यावर. द्वारकेच्या चौकात कांद्याच्या ट्रकांमध्ये रिक्षा अशी अडकली की पुढे जाता येईना, मागे येता येईना. तेव्हा आपण म्हणालात, जिभेखाली दोरा अडकलाय का ते बघा कोणीतरी, माझा चष्मा राहिला घरी. छायाने निघताना कपाटातून उचललेला चष्मा मुठीत धरला होता, तो तिने लावला. आणि मी रिक्षाच्या आरशात बघतो तर ललितरावांनीही खिशातून चष्मा काढला! (वहिनींनी काढून ठेवायला लावला होता, असे नंतर कळले. मुलांच्या आया सगळीकडे सारख्याच.) दोघे एकदम शेवंतीच्या तोंडावर वाकले, कपाळावर कपाळ आपटले, आणि मग मान वर करून त्यांनी एकमेकांना पहिल्यांदा नीट पाहिले. आणि हसले. डॉक्टरसाहेब, श्रावणापासून माझ्या पोरीचे हसणे मी ऐकले नव्हते. त्या हसण्यासाठी द्वारकेवर आणखी तासभर अडकलो असतो तरी माझी तक्रार नव्हती. शेवंतीची असती.

आपण तिला आपल्या जुन्या शिष्याच्या दवाखान्यात नेले, आयुष्यभर बैल-म्हशींना हात लावलेला माणूस एवढ्याशा मांजराच्या टेबलाशी शेवटपर्यंत उभा राहिलात, आणि सुई बाहेर निघाल्यावर ती उजेडात धरून म्हणालात, 'दोरा पक्का ओवलाय हो.' मला वाटले, छाया परीक्षेत पास झाली. आपण फी घेऊ दिली नाहीत, चहा घेतला नाहीत, आणि नामपूरची शेवटची एसटी चुकेल म्हणून तसेच उपाशी निघालात. वहिनींनी आमच्या घरी आईबरोबर चार घास खाल्ले, तेवढेच आमच्या घराचे नशीब.

आता शुश्रूषेचे सांगतो. टाके चाटू देऊ नका असे आपण बजावले होते, म्हणून छायाच्या आईने जुन्या परकराचे झबले शिवले. (सुया होत्याच.) झबले घातले की शेवंती जागच्या जागी कलंडायची आणि कोणीतरी प्राण काढून घेतल्यासारखी पडून राहायची. काढले की उठून टाके चाटायची. शेवटी छाया तिला झबल्यासकट कडेवर घेऊन हिंडू लागली. ते बघून शेजारपाजारच्या बायका बाळंतिणीला भेटायला यावे तशा येऊ लागल्या. धोंडाबाईंनी डिंकाचे लाडू आणले. मी म्हटले, अहो, ती लाडू खात नाही. त्या म्हणाल्या, मग तुम्ही खा, तुमचीच तब्येत उतरलीय. मी खाल्ले.

गोळ्यांचे काम माझ्याकडे होते. गोळी तोंडात टाकून जबडा मिटून धरायचा, असे आपण दाखवले होते. आपल्या हातात ते किती सोपे वाटले! मी गोळी टाकायचो, ती गिळल्यासारखे करायची, मी शाबासकी द्यायचो, आणि ती कोपऱ्यात जाऊन गोळी ठेवून यायची. माझे दोन्ही हात असे ओरबाडले गेले की मार्केटात लोक विचारू लागले, गुलाब लावलेत का यंदा.

आणि आमच्या आईचे तर मला आपल्याला मुद्दाम कळवायचे आहे. आई माळकरी. आमच्या चुलीवर कधी अंडेसुद्धा शिजलेले नाही. आपण सांगितले होते, बिनमीठ-मसाल्याचे कोंबडीचे पाणी द्या, ताकद येईल. ही शेवंती आईच्या साईच्या दुधात तोंड घालते म्हणून आईने तिला आजवर शिव्यांशिवाय काही दिले नव्हते. पण सकाळी बघतो तर आई मळ्याच्या बांधावर तीन विटा मांडून, नाकाला पदर लावून, तोंडाने नामस्मरण करत ते पाणी उकळतेय. मी काही विचारायच्या आत म्हणाली, मुक्या जिवाला कसली आलीय माळ, माळ माझ्या गळ्यात आहे. मी मुकाट फुंकणी धरली. तेव्हापासून शेवंती आईच्या पायाशी झोपते, आणि आई तिला आता प्रेमाने शिव्या देते.

परवा आपल्या शिष्यांनी टाके काढले. जखम छान वाळली आहे, केस येऊ लागले आहेत, आणि काल तिने उंदीर धरून आईच्या देवघरापुढे आणून ठेवला. आईने तिला शिव्या दिल्या, यावेळी खऱ्या.

हे सगळे आपल्यामुळे. आमच्या घरातले जनावर वाचले, आई बदलली, पोरगी हसली. बापाला आणखी काय लिहिता येणार? मखमलाबादची फुले आपल्या देवघरात कधी पोचवायची असली तर हक्काने कळवा, पहिल्या एसटीने पाठवतो. वहिनीसाहेबांना नमस्कार, ललितरावांना अनेक आशीर्वाद.

आपला कृतज्ञ,
सावळीराम काकड

ता. क. : वरचे वाचून छायाची आई म्हणते, चार पाने लिहिली आणि विचारायचे ते विचारलेच नाही. किशोरला विचारावे तर तो म्हणतो, देवरेसाहेबांनी मांजराचे विचारले, बाकी काही बोलले नाहीत. तेव्हा मुलीकडच्याने विचारू नये हे माहीत असून विचारतो. तो कार्यक्रम झाला असे धरायचे का? मुलीला कोणी नाव विचारले नाही, शिक्षण विचारले नाही, चालून दाखव म्हटले नाही. रीतीप्रमाणे बघता बघितलेच नाही म्हणावे लागेल. पुन्हा करायचा असेल तर आम्ही पोह्यांसकट तयार आहोत. फक्त छाया चष्मा लावून आपल्याबरोबर बसेल, आणि ट्रे मी आणीन.

ता. क. २ : आई म्हणते, खोट्यावर सोयरीक नको. ती पोटात गेलेली सुई आईने ओवलेली होती. छाया कंटाळून उठली तेव्हा म्हातारीने तिच्या वाटची ओवून ठेवली. चष्म्याशिवाय. म्हणजे नजर पक्की आहे ती आमच्या आईची, आणि तिचे लग्न झालेले आहे.

ता. क. ३ : हे घरात कोणाला न दाखवता लिहितो आहे. आमच्याकडे फोन नाही, पण कोपऱ्यावरच्या सोमाशेठच्या दुकानात रोज संध्याकाळी नामपूरहून ललितरावांचा फोन येतो, शेवंतीच्या चौकशीसाठी. छाया जाऊन बोलते. काल मी सुतळी घ्यायला तिथे गेलो होतो. तिला माझी चाहूल लागली नाही. फोनवर टाक्यांचे विचारले असावे, कारण छाया म्हणाली, अजून एक राहिलाय. मी घरी येऊन शेवंतीला उताणी करून पाहिले. एकही नाही. (तिने मला ओरबाडले ते वेगळेच.) खोटे बोलायचे नाही असे त्या पोरीला लहानपणापासून मीच शिकवले, पण काल माझ्याच्याने तिला काही बोलवले नाही. ललितराव आपलेच चिरंजीव आहेत, टाके कधी काढतात हे त्यांनाही ठाऊक असणार, तरी ते उद्या पुन्हा विचारतील. तेव्हा आपण यातले जाणकार म्हणून विचारतो. असा एक टाका जास्तीत जास्त किती दिवस ठेवता येतो? उलट टपाली कळवावे.