कूलरचं तोंड कोणाकडे?

अभिजीत गा,

तू मौद्याच्या ड्युटीवरून यायच्या आत हे लिहून राहिली.

माझ्या बोनमॅरो ट्रान्सप्लांटले वर्ष झालं, म्हणून आज दवाखान्यात तपासणी होती. तिथल्या मॅडमनं मले व्हरांड्यात भराभर चालवलं, खुर्चीवरून उठवलं-बसवलं, मुठीनं यंत्र दाबायले लावलं. ताकद चांगली आहे म्हणे. मंग त्यांनी विचारलं, "भरलेली बादली उचलता येते का?"

मी म्हटलं, "मले काय माहीत? भाऊ हातच लावू देत नाही."

"अन् घरात पहिल्यासारखं वाटते का?"

यावर मले आपला कूलर आठवला.

पहिले आपण कूलरच्या तोंडासाठी किती भांडत होतो! मोठी बहीण आहे म्हणून तू कधी माघार घेतली नाही. तुझा बोनमॅरो माझ्या अंगात आला अन् तुझं भांडणच संपलं. डॉक्टरनं यंदा कूलर लावू देला, तर तू त्याचं तोंड माझ्याकडे करतो अन् स्वतः घामात झोपतो. काहून गा? मी काय काचेची बरणी आहो?

हे पत्र तुले देणार नाही. वाचून रडशीन, अन् रडणारा माणूस काय भांडणार?

आज कूलरमधे पाणी मी भरलं. बादली अर्धी नाही, भरलेली उचलली. थोडं फरशीवर सांडलं, ते तू पूस. कूलरचं तोंड तुझ्या खाटेकडे फिरवून ठेवलं आहे. तू ते परत माझ्याकडे करशीन, मी पुन्हा फिरवीन.

आतातरी भांड.

तुझी वाट पाहून राहिलेली,
काजलताई