बाचा तितर

ब्रह्मपुरी, १९५६

वच्छलाबाई,

बाचा पाळलेला तितर आठवते ना तुले? बा त्याचा पिंजरा रानात ठेवते अन् भवताल फासे मांडते. तो ओरडला का रानातले तितर आपल्यातलाच समजून येतेत अन् अडकतेत.

तू बाच्या मनाविरुद्ध पोचूसंग लग्न करून वरोऱ्याले गेली, तवापासून बानं तुहं नाव काढलं नाई. काल म्हणे, "गुणा, लिही. माय लय बिमार आहे, लवकर ये." म्या भेऊन तसं लिहून देलं. माय चांगली आहे, बाई. काका अंगणात काठ्यांले तेल लावून राह्यले.

माह्यं अक्षर पाहून तू येशीलच. येऊ नको.

ते पत्र बानं सकाळीच टपालात टाकलं. हे माह्याच हाती आहे, अन् दाराले बाहेरून कडी आहे.

तुही लहान बहीण,
गुणा