तोरणमाळला नेलेला रोट

२० जुलै, रवि.
वेदूचा रविवार. महिन्यातला पहिला आणि तिसरा, अकरा ते पाच. घटस्फोटाच्या कागदावर असंच छापलंय, पोरगं नव्हे, एसटीचं वेळापत्रकच. धुळ्याहून सकाळची गाडी धरून जळगाव. पुन्हा मेहरुण तलाव. तीच बाग, तीच भेळ, तोच बाक. आता भेळवालासुद्धा "आले का मायलेक" म्हणतो.
वेदू म्हणाला, "मम्मी, तू तोरणमाळच्या गाडीवर असतेस ना, तिथे नक्की आहे काय?"
मी माझ्या कंडक्टरच्या सुरात घडाघडा: यशवंत तलाव, सीताखाई, मच्छिंद्रनाथाची गुहा, खडकी पॉइंट. येणाऱ्या-जाणाऱ्यांना रोज सांगते, पाठच झालंय.
"तू पाहिलंस सगळं?"
नाही पाहिलं. चार वर्षं जातेय. गाडी वर पोचली की चहा, हिशोबाचा कागद, परत. टपरीवरून दिसतो तेवढाच तलाव.
"मग आपण दोघं जाऊ," तो म्हणाला. दोघं म्हणाला.

२४ जुलै, गुरु.
वकीलबाईंचा फोन. प्र.ची, वेदूच्या वडिलांची, बदली पुण्याला. दिवाळीनंतर जाणार, वेदूलाही नेणार म्हणे. पुणे म्हणजे हे दोन रविवारही गेले.
बाई म्हणाल्या, "मुलगा जूनमध्ये बारा पूर्ण झालाय ना? त्यालाच विचारतील, वडिलांसोबत पुण्याला की तुमच्याकडे धुळ्याला. सप्टेंबरची तारीख आहे. तुम्ही मात्र त्याला पढवू नका हं."
पढवणार नाही. तेव्हा माझी ड्युटी पहाटे पाचची, त्याला उठवून शाळेत कोण पाठवणार, म्हणून त्याला तिकडेच ठेवायच्या कागदावर मीच सही केली होती. तो सात वर्षांचा होता. ती सही अजून उजव्या हाताला दुखते.
पढवणार नाही, पण तोरणमाळ दाखवायला कुणाची बंदी नाही.

२७ जुलै, रवि.
अक्कांना फोन केला, वेदूला तोरणमाळला नेते म्हणून. सासू होत्या, आता काय म्हणायचं ते माहीत नाही म्हणून अक्काच म्हणते.
"तळं ते तळं. आठे मेहरुणनं शे ना. तठे काय दखाडशी पोरले?"
मग मुद्द्यावर आल्या. तीन तारखेचा रविवार माझा, पण त्या दिवशी घरात कानबाई बसते, आमच्या खानदेशातली श्रावणातली देवी. "बठ्ठा भाऊबंद येतस. पोऱ्या घरमाच पाहिजे."
मी म्हटलं, हो. तो रविवार तुम्ही घ्या, बदल्यात नऊ-दहा मला द्या, दोन्ही दिवस. शेवटी "बरं" आलं. माझा सौदा पक्का असतो, सुट्ट्या पैशांची सवय आहे.
आता रजा. नऊला राखी. राखीला रजा मागितली तर आगारातले साहेब हसलेच. गणपतीचे सगळे दिवस ड्युटी करीन असं लिहून दिलं, तेव्हा सही झाली.

३ ऑगस्ट, रवि.
ड्युटीवर. प्रत्येक गावात कानबाईचे ढोल. गाडीत निम्म्या बाया नव्या साड्यांत.
अकरा वर्षं मीही त्या घरात हे केलं. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं मुठीनं गहू मोजायचे, दळायचे, त्याचे रोट, नैवेद्याच्या जाड पोळ्या. खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. रोट खायचा तो फक्त घरच्यांनी आणि भाऊबंदांनी. बाहेर तुकडा द्यायचा नाही, उरला तर पौर्णिमेपर्यंत घरातच संपवायचा. लग्नाच्या पहिल्या वर्षी मला हे माहीत नव्हतं. शेजारची पोरगी दारात उभी होती, दिला तिला अर्धा. पुढच्या आठवड्यात धाकट्या दिराला विषमज्वर झाला, महिनाभर दवाखाना. अक्कांनी मला कधी बोलून दाखवलं नाही. पण ते बोलून दाखवण्यापेक्षा वाईट होतं.
वेदूच्या नावाची पहिली मूठ मीच घातली होती. तो चाळीस दिवसांचा होता.

८ ऑगस्ट, शुक्र.
वेदू आला! एकटा, जळगाव-धुळे गाडीत. कंडक्टरला सांगून ठेवलं होतं, तरी मी स्टँडवर तासभर आधीच. पाठीवर दप्तर, हातात पिशवी. पिशवी घ्यायला गेले तर, "नको, ती माझी आहे."
माझी खोली बघून म्हणाला, "छान आहे. टेबल ठेवायला जागा आहे." कशाला टेबल, ते मी विचारलं नाही. पढवायचं नाही. पण भाजी फोडणीला टाकताना दोनदा मीठ घातलं गेलं.

९ ऑगस्ट, शनि. तोरणमाळ
लॉजच्या व्हरांड्यात लिहितेय. तो आत टीव्ही बघतोय. जेवला नाही.
सगळं नीट लिहून काढते.
सकाळची गाडी, राखीची गर्दी, गाडी खच्चून. ड्युटीवर पाटीलभाऊ. "ताई, तुमचंच पोरगं, हाफ करून टाकतो." मी म्हटलं, "बारा पूर्ण झालेत. फुल काढा." वेदूनं ते तिकीट घडी करून कंपासपेटीत ठेवलं. घाटात सात वळणं मोजली, दोनदा मोजली, एकदा सहाच भरली. खूप हसलो.
वर धुकं. सीताखाईला कठड्याशी उभे राहिलो, समोर नुसतं पांढरं. पाण्याचा आवाज ऐकू येत होता तेवढाच. एक बाई मला विचारते, "इथे दिसतं काय हो?" मी पाठ झालेली यादी म्हणायला लागणार, तेवढ्यात वेदू म्हणाला, "आवाज दिसतो," आणि ती बाई पण हसली. बोट बंद, पावसामुळे. त्याचंही वाईट वाटलं नाही त्याला. तलावाच्या काठानं फिरलो, भाजलेलं कणीस खाल्लं. मी इतकी सुखात होते की मला भीती वाटायला हवी होती.
तलावाच्या काठी दगडावर बसलो तेव्हा त्यानं ती पिशवी उघडली. स्टीलचा डबा. डब्यात कापडात बांधलेला रोट.
"खा. आज पौर्णिमा आहे, आजच संपवायला पाहिजे."
"अक्कांना माहीत आहे?"
"तू खा ना."
मला तो दवाखाना आठवला. दिराचा चेहरा आठवला. मी कागदावर सही करून त्या घरातून बाहेर पडलेली बाई. मी खाल्ला आणि ह्याला काही झालं तर? चार लोकांसमोर मी देवधर्म मानत नाही म्हणते. पोराच्या बाबतीत सगळं मानते.
म्हणाले, "वेदू, मला चालत नाही रे आता. मी त्या घरची नाही ना. बाहेरच्यांनी खायचा नसतो."
"तू बाहेरची आहेस?"
"तसंच असतं ते."
तो पाठ करून बसला आणि अख्खा रोट एकट्यानं खाल्ला. आठवड्याचा कडक झालेला. पाणी दिलं, घेतलं नाही. मी मागून त्याच्या जबड्याची हालचाल बघत बसले.
वाटलं, थोडा वेळ रुसेल, मग येईल. नाही आला.

१० ऑगस्ट, रवि.
ऊन पडलं. खडकी पॉइंटवरून खालची गावं लख्ख दिसली. आज बघायला सगळं होतं. वेदू "हो", "नाही", "छान आहे". गुहेत पाया पडला, तेवढंच.
धुळ्यात खोलीवर थोडं थांबून जळगावच्या गाडीत बसवून दिलं. खिडकीतून हात हलवला त्यानं, कुणाही ओळखीच्या माणसाला हलवावा तसा.

१३ ऑगस्ट, बुध.
अक्कांचा फोन. स्वतःहून केला, पाच वर्षांत पहिल्यांदा.
"काय करं तू पोरले? आठे कोनशी बोलत नही."
मी रोटाचं सांगितलं. म्हटलं, अक्का, मी तुमचाच नियम पाळला.
मग म्हणाल्या, "तुना नावनी मूठ टाकी व्हती त्यानी."
"काय?"
"मी नहीच म्हनत व्हतू. बाईना नावनी टाकतस का कुठे? आयकंच नही त्यानी. डबामा हात घाला, मूठ काढी, म्हने ही मनी मम्मीनी. भाऊबंद बठ्ठा दखत ऱ्हायनात. मग मीच त्याना रोट येगळा करा. तुनाच व्हता तो."
फोन ठेवला नाही त्यांनी, मीही नाही.
सगळ्या भाऊबंदांसमोर. बारा वर्षांचं पोर. आणि मी त्याला नियम शिकवला. त्यानं पुण्याचं उत्तर माझ्या हातात आणून ठेवलं होतं आणि मी म्हटलं, मला चालत नाही.
आज तीन जणांना चुकीची तिकिटं दिली.

१७ ऑगस्ट, रवि.
तिसरा रविवार. जळगावला पोचले तर प्र.चा निरोप, वेदूचा क्लास आहे, येणार नाही. क्लास खरा असेल. रविवारचे असतात हल्ली.
अकरा ते पाच हा वेळ माझाच आहे, म्हणून मेहरुणच्या बाकावर बसले, पाचपर्यंत. भेळवाल्यानं आज काही विचारलं नाही. दोन भेळ बांधून दिल्या. मी दोन्हींचे पैसे दिले आणि बाकावरच ठेवून आले. रडले. बागेत लहान पोरं होती, बघत होती, बघू देत.
घरी येऊन ते तोरणमाळचं तिकीट शोधलं, त्यानं इथेच टाकून दिलं असेल म्हणून. गादीखाली, कपाटात, केरात. नाही सापडलं. म्हणजे कंपासपेटीतच असेल. असेल ना?

१९ ऑगस्ट, मंगळ.
वेदूनं फोन उचलला.
मी काय काय ठरवलं होतं. सगळं विसरून एकदम म्हणाले, "वेदू, तो रोट माझा होता, मला माहीत नव्हतं रे. चुकलं माझं."
"हं."
"उरलाय का थोडा? एखादा तुकडा?"
"पौर्णिमेला संपवतात ना." समजावून सांगितल्यासारखं, हळू. "मीच संपवला."
"पुढच्या वर्षी टाकशील माझी मूठ? मी खाईन. तिथेच बसून, सगळ्यांसमोर."
मागे अक्का कुणाला तरी हाक मारत होत्या. मग त्यानं विचारलं,
"मम्मी, पुण्यात कानबाई बसवतात का?"
मला माहीत नाही, म्हटलं.