सर्व्हरवर न गेलेला फॉर्म

पप्पा, रविवारी सकाळी तुम्ही टेलिफोनला लाल पाटी अडकवायचात, हे आता कुणाला सांगितलं तर लोकांना वाटतं मी रचून सांगतेय. कंपनीत मशीन उघडण्याआधी मेन स्विच बंद करून त्याला तुमच्या नावाची पाटी लावायची, ‘काम चालू आहे, हात लावू नये’, आणि ज्यानं लावली त्यानंच ती काढायची, मॅनेजर आला तरी दुसऱ्यानं नाही, हा तुमचा मेंटेनन्सचा कायदा. रिटायर होताना तुम्ही ती एक पाटी घरी घेऊन आलात. अंबरनाथच्या आपल्या दोन खोल्यांत इंटरनेट आलं ते टेलिफोनच्याच तारेवरून. कुणी रिसीव्हर उचलला की लाइन तुटायची आणि अर्धी गेलेली फाइल पुन्हा पहिल्यापासून पाठवावी लागायची. आईला हे कधी पटलं नाही. वांगणीच्या मावशीला आपला फोन लागत नसेल, असं म्हणत ती पाटीसकट रिसीव्हर उचलायची. मग तुम्ही चहाचा कप खाली ठेवून शांतपणे म्हणायचात, “झालं. नाशिकचा इंजिनिअर अर्ध्यात लटकला.”

विहारातल्या वधू-वर मंडळाची वेबसाइट काढायची टूम तुमचीच. मी बी.कॉम. होऊन घरी बसलेली, संगणकाचा सहा महिन्यांचा क्लास केलेली, त्यामुळे फुकटची कारागीर तुमच्या हाताशीच होती. मराठी अक्षरं दुसऱ्याच्या संगणकावर गिचमिड दिसायची, म्हणून प्रत्येक फॉर्म तुम्ही तुमच्या त्या रेखीव अक्षरात लिहून काढायचात आणि मी तो फोटोसकट स्कॅन करायचे. स्क्रीनवर डावीकडे आपला संगणक, उजवीकडे सर्व्हर. डावीकडची फाइल उचलून उजवीकडे टाकायची, की खाली निळी पट्टी सरकायला लागायची. मी खुर्चीत, तुम्ही शेजारच्या स्टुलावर. बॉयलरचा काटा बघावा तसे तुम्ही त्या पट्टीकडे बघताय, आई पोह्यांच्या बशा आणून आदळतेय, आणि आपण दोघं एका मुलाच्या मिशांवरून हसतोय. फाइल पोचली की तुम्ही यादीत बरोबरची खूण करायचात. इतकं समाधान मी तुमच्या चेहऱ्यावर पगाराच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

पहिल्याच रविवारी आपली फजिती झाली ती आठवते ना? तुम्ही मजल्यावरच्या सगळ्यांना बोलावून साइट दाखवली, पेढे वाटले, आणि दुपारी बदलापूरहून मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला, की सायबर कॅफेत बसलोय, फोटोंच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी दिसताहेत. तुम्ही त्यांनाच सुनावलंत, की आमच्याकडे स्वच्छ दिसतंय, तुमच्याकडची लाइन खराब असेल. चूक माझी होती. फोटो कुठून उचलायचे, त्या जागी मी आपल्याच संगणकाचा पत्ता लिहून ठेवला होता. त्यामुळे ते घरात दिसत होते आणि घराबाहेर कुणालाच नाही. मी ते दुरुस्त केलं. तुम्ही माझी पाठ थोपटलीत आणि नेमकं काय चुकलं होतं ते विचारलंही नाहीत.

तेच माझ्या पथ्यावर पडलं. पावसाळा संपता संपता तुम्ही माझाच फॉर्म लिहिलात. स्वभाव शांत, स्वयंपाक उत्तम. दोन्ही धादांत खोटं, पण अक्षर इतकं सुंदर की वाचताना मलाही क्षणभर खरं वाटलं. मला तेव्हा लग्न नको होतं आणि तुमच्या तोंडावर नाही म्हणायची हिंमत नव्हती. मी साइटवरच्या यादीत माझं नाव घातलं, फॉर्म रात्रीच पाठवून टाकला असं तुम्हाला सांगितलं, आणि सर्व्हरवर पाठवलाच नाही. नावाला पत्ता दिला आपल्या डिस्कवरचा. तुम्ही क्लिक केलंत की मी साडी नेसून हजर. बाकी जगाला काहीच नाही. सेक्रेटरींना दोन मुली, ते फक्त मुलांचे फॉर्म उघडायचे, त्यामुळे त्यांच्याही लक्षात आलं नाही. इतरांना पत्रं येत होती, आणि तुम्ही दर आठवड्याला काळजीनं म्हणायचात, फोटो बदलून बघू या का? मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, तरी मी गप्प.

मग एका रविवारी आपलं काम आटोपल्यावर तुम्ही प्रिंटरची शाई आणायला उल्हासनगरला गेलात, ज्या सिंधी दुकानदाराकडून आपण संगणक जुळवून घेतला होता त्याच्याकडे. मोठ्या हौसेनं त्याला साइट उघडायला लावलीत. परत आलात, हातपाय धुतलेत, माझ्यासमोर बसलात आणि त्याच्याच शब्दांत सांगितलंत, “अंकल, सबका फॉर्म खुलता है, आपकी बेटी का ही नहीं खुलता.” घरी तो का दिसतो, हेही त्यानं तुम्हाला समजावून दिलं होतं. आई दारातच थबकली. मी चटकन म्हणाले, मला पुढे शिकायचंय, नेटवर्किंगचा मोठा कोर्स करायचाय. तुम्ही म्हणालात, बिघाड झाला तर माणसाला माफी आहे, पण बिघाड लपवणाऱ्याला मी कंपनीत कधी उभं केलं नाही. मी रडायला लागले. तुम्ही उठलात, टेलिफोनशेजारी ठेवलेली पाटी उचललीत आणि माझ्या हातात दिलीत.

“ही तू लावली आहेस, आता तूच काढायची. तोवर तुझ्या फॉर्मला कुणी हात लावणार नाही. तुझी आईसुद्धा नाही.”

आई दोन दिवस भांड्यांशी बोलत होती, पण कायदा तिनंही पाळला. पुढची तीन वर्षं आपण केवढी मजा केली, पप्पा. किती लग्नं जमवली, आणि त्यातल्या निम्म्यांना आपण दोघं जोडीनं जेवून आलो. माझा फॉर्म शेवटी मी माझ्या हातानं पाठवला, तेव्हा पट्टी पुरी होईपर्यंत तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात.

हे पत्र मी कुठे पाठवणार नाही, तसं पाठवण्यासारखं त्यात काही नाही. पण एक सांगते. नेटवर्किंगचा कोर्स त्या क्षणी मला सुचला, म्हणून मी बोलले. तुम्ही दुसऱ्याच दिवशी कल्याणला जाऊन माझा प्रवेश घेऊन आलात, त्यामुळे मला तो करावाच लागला, आणि आज त्याच्यावरच माझं चाललंय, चांगलं चाललंय. मला शिकायचं बिकायचं काही नव्हतं, पप्पा. फॉर्म गेला असता तर मीही गेले असते, आणि मला रविवारी सकाळी तुमच्या शेजारी बसायचं होतं.