धार संपेपर्यंत थांब

आत्याबाई, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्या गोठ्याच्या जागी मोटारसायकली उभ्या राहतात. पण काल तुमची नात मला जे म्हणाली, त्यानंतर तुमच्याशी बोलल्यावाचून चैन पडेना. ती पुण्याची नोकरी सोडून अचानक घरी आलीय. का, ते सांगत नाही. म्हणजे सांगायला येते. पण तेव्हा माझा एक हात कणकेत असतो, कानाशी मोबाईल आणि डोळा कुकरवर. काल ती दारातूनच म्हणाली, "राहू दे आई, तू मोकळी झालीस की बोलू," आणि निघून गेली. मी मोकळी कधी असते? एक ना धड भाराभर चिंध्या, ही म्हण माझ्याकडे बघूनच केली असावी.

तुमचं तसं नव्हतं. भिंगारमधून लग्न करून मी पारनेरकडच्या तुमच्या वस्तीवर आले, तेव्हा सुरुवातीला तुम्ही मला बहिऱ्याच वाटला होतात. भाकरी थापताना हाक मारली तरी ओ नाही. शेवटची भाकरी टोपलीत पडली की मग, "काय म्हनत हुतीस?" शेजारणी चेष्टा करायच्या, की घराला आग लागली तरी ही बाई आधी हातातली भाकरी शेकून घेईल. तुम्ही हसायचात आणि भाकरी शेकायचात, ती टम्म फुगायची. मी रेडिओ ऐकत, धुण्याचा विचार करत थापलेली भाकरी तव्यावर चिरायची, तरी दोघींत हुशार मीच असं मला वाटायचं.

मग ती सकाळ. तुमचा लेक ट्रकवर, आठवडा आठवडा बाहेर. घरात माझ्याशी धड दोन शब्द कुणी बोलत नाही. मी ठरवते, माहेरी जायचं आणि परत यायचं नाही. भरलेली पिशवी खांद्याला अडकवून गोठ्यात येते, तर तुम्ही उकिडव्या बसलेल्या, गुडघ्यांत बादली, म्हशीच्या पोटाला डोकं टेकलेलं. मी म्हणते, "मी चालले." तुम्ही मानही वळवत नाही. "थांब. धार चालू हाय. मधी बोललं की म्हस पान्हा चोरती." म्हैस दूध आखडून धरेल याची काळजी, आणि सून घर सोडून चाललीय त्याचं काहीच नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण तुम्ही 'थांब' म्हणाला होतात, त्यामुळे निघताही येईना. बादलीतला धारेचा आवाज ऐकत मी तशीच उभी राहिले.

धार संपली. तुम्ही बादलीवर फडकं टाकलंत, हात धुतलेत, पेंडीच्या पोत्यावर बसलात आणि मला शेजारी बसवलंत. "आता बोल. समदं बोल." मी म्हणाले, म्हशीला पाणी पाजताना तुम्ही तिच्याशी जेवढं बोलता, तेवढंसुद्धा माझ्याशी बोलत नाही. तेवढ्यात रस्त्यावर डेअरीच्या टेम्पोचा हॉर्न वाजला. मी थांबले. "आत्याबाई, टेम्पो." तुम्ही म्हणालात, "वाजू दे. तू बोल." आपलं दूध न घेता तो टेम्पो कधी गेला नव्हता. त्या दिवशी गेला. तुम्ही रस्त्याकडे पाहिलंसुद्धा नाही, माझ्या तोंडाकडेच बघत होतात. मी रडून रडून रिकामी झाले. माझं असं कुणी ऐकलं नव्हतं हो, माझ्या आईनंही नाही. मग तुम्ही म्हणालात, "व्हय, खरं हाय तुजं. मला कामात बोलाया जमत न्हाई. जायचं आसंल तर मी सोता यष्टीत बसवून देते. ऱ्हायचं आसंल तर रोज धार झाली की हितं येऊन बसत जा."

राहिलेल्या दुधाचा आपण दुपारपर्यंत खवा आटवला. मी ढवळत होते, आणि पहिल्यांदाच हातातल्या कामाखेरीज डोक्यात दुसरं काही नव्हतं. बोलायला बसताना खुंटीला अडकवलेली पिशवी गोठ्यातच होती. संध्याकाळी मीच ती घरात नेली. पुढं तुम्ही होतात तोवर धारेनंतरचं ते पोतं माझं होतं. लोक तुम्हाला संथ म्हणायचे. तुमच्याएवढं मोठ्या मनाचं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

हे लिहितेय तोच तुमची नात दारात आलीय. "काय लिहितेस?" मी म्हणाले, "थांब, एवढं वाक्य होऊ दे." तिचं तोंड पडलं. ते तोंड माझ्या ओळखीचं आहे, पिशवी खांद्याला लावून मी तशीच उभी होते. मी उठून गॅस बंद केला, मोबाईल बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवला आणि तिला बसायला सांगितलं. हे पत्र कुठं धाडायचं नाहीच, तेव्हा अपुरं राहिलं तरी चालेल. आता पेन खाली ठेवते. एवढंच सांगते आत्याबाई, तुमच्यासारखं जमेल की नाही ठाऊक नाही. ती समोर बसलीय, आणि माझा एक कान अजून त्या तांदळाच्या डब्याकडे आहे.