एडेलमिराबाईंच्या पाटात गार झालेली बिअर

एल बोल्सोन

आई गं, तुझा आशीर्वाद असू दे.

तू पाठवलेल्या अल्गारोबाच्या झाडाच्या गोड शेंगा पोचल्या. भाजून, कुटून मी त्या घरच्या बिअरमध्ये घातल्या. हसू नकोस! जवाच्या माल्टमध्ये मूठभर पडल्या, की तू सणाला करतेस त्या पेयाचा वास सुटतो.

बिअर केली त्या दिवशी मात्र फजिती झाली. माल्टचा रस उकळून तयार होता आणि तो गार करायची तांब्याची नळीच फुटली. लवकर गार झाला नाही तर तो नासतो. घाईत पातेलं उचलायला गेलो नि हात पोळला. थोडासाच. कातडी अजून आखडते, अक्षर वाकडं आलंय ते त्यामुळे.

माझं ओरडणं ऐकून शेजारच्या एडेलमिराबाई कुंपणाशी आल्या. नवरा गेल्यापासून त्या कुणाशी बोलत नव्हत्या.

"उभा काय राहिलायस, खुळ्या? माझ्या पाटात ठेव ते. डोंगरावरून वाहत येणारं बर्फाचं पाणी आहे!"

आम्ही दोघांनी मिळून पातेलं नेलं. नंतर हाताला मलमही त्यांनीच लावलं.

बिअर मुरल्यावर पहिला ग्लास त्यांना दिला. म्हणाल्या, "कडू झालीय. हॉप्सची ती कडू फुलं कमी कर, शेंगा वाढव." आणि ग्लास रिकामा करून पुन्हा पुढे धरला.

बाबांचा खोकला कसा आहे? इकडची काळजी करू नका.

आज दुपारी एडेलमिराबाईंनी मला जेवायला बोलावलं. नवऱ्याची खुर्ची माझ्यासाठी ओढली. आई, इथे आल्यापासून पहिल्यांदाच मी कुणाच्या घरी बसून जेवलो.

तुझाच,
एलिसेओ